दोन सांधे

गेल्या शनिवारी सकाळी साडेसहाला आमचे सुभेदार साहेब महूच्या स्विमिंग पूलमधून बाहेर आले, ओल्या अंगाने सायकलपर्यंत धावले आणि हेल्मेट उलटं घालून उभे राहिले. मागचा भाग पुढे, पट्टा कानावर. मी हसलो नाही. स्टॉपवॉचही थांबवलं नाही. हेल्मेट सरळ झालं, मग एक मोजा सापडेना, मग टॉवेल झटकल्यावर तो टॉवेलमध्येच निघाला. सायकलवर बसेपर्यंत नऊ मिनिटं चाळीस सेकंद गेली.

संध्याकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, "सर, पोहणं जमतंय. सायकल जमतेय. पळायचं तर तीस वर्षं सरकारनंच शिकवलंय. पण हे मधलं काय ते गणित बसंना."

सुभेदार साहेब कराडकडचे. पोहायला कृष्णेत शिकले. वय एकोणपन्नास. पुढच्या मार्चअखेर पेन्शनला जाणार. त्याआधी एकदा गोव्याची हाफ ट्रायथलॉन पूर्ण करायची असं त्यांनी ठरवलंय आणि या पोस्टिंगवर त्यांना शिकवणारा मीच हाताशी आहे. हा लेख त्यांच्या त्या 'मधल्या गणिताबद्दल' आहे. त्याला स्वतःचा इतिहास आहे आणि तो माहीत असला की गणित सोपं होतं असा माझा अनुभव आहे.

आधी नवख्या वाचकांसाठी थोडक्यात. हाफ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. फुल म्हणजे याच्या दुप्पट. पाण्यातून सायकलवर जाण्याच्या टप्प्याला टी-वन म्हणतात, सायकलवरून पायांवर येण्याच्या टप्प्याला टी-टू. टी म्हणजे ट्रान्झिशन. या दोन्ही ठिकाणी घड्याळ चालूच असतं. तुम्ही मोजे घालत असा नाहीतर देवाचं नाव घेत असा, तो वेळ तुमच्याच खात्यात जमा होतो.

हे घड्याळ चालू कधी राहायला लागलं, तिथून इतिहास सुरू होतो.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे या खाडीकाठी तिथल्या ट्रॅक क्लबने एक शर्यत ठेवली. कल्पना जॅक जॉन्स्टन आणि डॉन शॅनाहन या दोघांची. दोघेही पळणारे, रोजच्या ट्रॅकला कंटाळलेले. क्लबच्या पत्रकात शर्यतीची मापं दिली होती: सुमारे सहा मैल पळणं, पाच मैल सायकल, पाचशे यार्ड पोहणं. सायकल एका दमात, पण पळणं आणि पोहणं तुकड्यातुकड्यांत. म्हणजे एकदा पाण्यात, एकदा वाळूत, पुन्हा पाण्यात. पळण्यापैकी साधारण दोन मैल गवतावर आणि वाळूवर अनवाणीच होते. आज आपण दोन बदलांना घाबरतो, तिथे त्याहून जास्त होते. कामाच्या दिवशी संध्याकाळची शर्यत, त्यामुळे मागे राहिलेल्यांना अंधारात पोहावं लागलं आणि किनाऱ्यावर गाड्या उभ्या करून त्यांच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर पाडावा लागला.

त्या संध्याकाळी भाग घेणाऱ्यांत जॉन कॉलिन्स हा अमेरिकन नौदलाचा अधिकारी होता. सोबत त्याची पत्नी ज्युडी. पुढे त्याची बदली हवाईला झाली. आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको, बदलीच्या ट्रंकेत भांडीकुंडी जातात तशा आधीच्या स्टेशनवरच्या सवयीही जातात. कॉलिन्स दांपत्याच्या ट्रंकेत मिशन बेची ती संध्याकाळ गेली.

१९७७ मध्ये ओआहू बेटावर एका रिले शर्यतीचा बक्षीस समारंभ चालू होता. तिथे वाद निघाला की सगळ्यांत दमदार खेळाडू कोण, पळणारे की पोहणारे? कोणीतरी सायकलपटूंचं नाव काढलं, बेल्जियमच्या एडी मर्क्सचं. असे वाद प्रत्येक मेसमध्ये होतात आणि बिल आलं की संपतात. कॉलिन्सने मात्र तोडगा मांडला: बेटावर तीन लांब शर्यती आधीपासून आहेतच, त्या एकापाठोपाठ एक करू. वायकिकीची २.४ मैलांची समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला प्रदक्षिणा घालणारी ११५ मैलांची सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन.

इथे एक अडचण होती आणि माझ्या मते या खेळाचा खरा जन्म त्या अडचणीत आहे. तीन शर्यती तीन वेगळ्या ठिकाणी सुरू होत आणि तीन वेगळ्या ठिकाणी संपत. एक संपली की दुसरीच्या सुरुवातीला पोचायचं कसं? कॉलिन्सने नकाशा पाहिला. सायकलच्या मार्गातले तीन मैल कमी केले आणि प्रदक्षिणा घड्याळाच्या उलट्या दिशेने घातली, तर पोहणं संपतं तिथून सायकल सुरू करता येते आणि सायकल अलोहा टॉवरपाशी संपवता येते. मॅरेथॉन नेहमी तिथूनच सुरू व्हायची. ११५ चे ११२ मैल झाले ते यामुळे. आजही जगभरच्या फुल अंतरात सायकल ११२ मैल, म्हणजे १८० किलोमीटर असते, त्याचं मूळ हे.

म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं यांतलं काहीच कॉलिन्सचं नव्हतं. त्याने नवीन काय केलं, तर दोन सांधे जुळवले. रेल्वेत सांधेवाला रूळ तयार करत नाही, गाडीही चालवत नाही. पण त्याच्यावाचून गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जात नाही.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण पाण्यात उतरले, त्यांतल्या बारा जणांनी शर्यत पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. तो टॅक्सी चालवायचा, त्याआधी नौदलात होता. दुसरा आलेला जॉन डनबार नौदलाच्या कमांडो दलातला, सील. प्रत्येकाने आपापली मदतनीस मंडळी आणायची असा नियम होता. डनबारच्या मंडळींकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर दिली. कॉलिन्स स्वतः सायकलवरून उतरून वाटेत चिली खायला थांबला. तेव्हा ना सायकलींचे रॅक होते, ना कपडे बदलायचे तंबू, ना पांढरी रेघ. ज्याला जिथे सोयीचं वाटेल तिथे तो थांबायचा. घड्याळ चालू होतं, पण मधल्या वेळेकडे कोणी शर्यतीचा भाग म्हणून बघत नव्हतं.

ते बदललं गर्दीमुळे. १९७९ मध्ये लिन लेमेर ही पहिली स्त्री उतरली आणि सगळ्यांत पाचवी आली. १९८१ मध्ये शर्यत ओआहूहून हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाला गेली. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस आघाडीवर असताना शेवटच्या काही अंतरात कोसळली आणि रांगत रेघेपर्यंत पोचली. तोवर कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली होती. ते दृश्य टीव्हीवर घराघरांत दिसलं आणि नाव नोंदवणाऱ्यांची रीघ लागली. पंधरा सायकली झाडाला टेकून ठेवता येतात, हजार सायकलींना शिस्त लागते. मग रॅक आले, क्रमांक आले, पिशव्या आल्या, रेघा आल्या. १९८९ मध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि २००० साली सिडनीत तो ऑलिंपिकमध्ये आला. तोपर्यंत ट्रान्झिशनला 'चौथा खेळ' म्हणायची पद्धत पडली होती.

या चौथ्या खेळात मोठमोठे चुकतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा जोनाथन ब्राउनली पाण्यातून पुढच्या तुकडीत बाहेर आला आणि घाईत, सायकलवर बसायच्या रेघेच्या अलीकडेच सायकलवर बसला. शिक्षा पंधरा सेकंद. पळण्याच्या टप्प्यात त्याला बाजूला थांबून ती भोगावी लागली. तरी त्याने कांस्य मिळवलं, सुवर्ण त्याच्या भावाला, अ‍ॅलिस्टरला मिळालं. जगातल्या उत्तम खेळाडूला घरच्या मैदानावर एक रेघ दिसली नाही. मग आमच्या सुभेदार साहेबांचं हेल्मेट उलटं झालं त्यात नवल ते काय?

आता माझी गोष्ट. एनडीएत असताना आमच्या स्क्वॉड्रनमध्ये 'पट्टी परेड' नावाची शिक्षा होती. खडकवासल्याहून पास झालेल्या वाचकांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. सीनियर ओरडायचा, "पीटी रिग, तीन मिनिटं!" आपण जिने चढून केबिनमध्ये धावायचं, कपडे बदलायचे, खाली येऊन फॉल-इन. लगेच, "ड्रिल ऑर्डर, चार मिनिटं!" मग पोहण्याचे कपडे, मग मुफ्ती, मग पुन्हा पीटी. उशीर झाला की आणखी एक फेरी. पहिल्या टर्ममध्ये मला हा शुद्ध छळ वाटायचा. दुसऱ्या टर्ममध्ये लक्षात आलं की सगळ्यांत आधी खाली येणारा पोरगा स्क्वॉड्रनमधला वेगवान धावपटू नव्हता. त्याचं कपाट लावलेलं असायचं. कुठल्या कप्प्यात काय आहे हे त्याचे हात बघितल्याशिवाय सांगू शकत होते.

इतकं शिकूनही चाळिशीत गोव्यात मिरामारला मी पहिल्यांदा हाफ करायला गेलो, तेव्हा ते सगळं विसरलो. पोहणं बरं झालं. पाण्यातून उभा राहिलो आणि जमीन हलली. सायकलींच्या रांगांत माझी सायकल कुठे, हे आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं, पण ते शहाण्यासारखं रॅकच्या बाजूने. समुद्राकडून येताना सगळं उलटं दिसलं. ओल्या अंगावर लांब बाह्यांचा शर्ट चढेना. निघालो, तर खाण्याची पाकिटं पिशवीतच राहिली म्हणून परत फिरलो. टी-वनमध्ये सोळा मिनिटं गेली. पुढे नव्वद किलोमीटर जीव तोडून सायकल मारली आणि कट-ऑफला चार मिनिटं उशिरा पोचलो. एका स्वयंसेवक मुलीने वाकून माझ्या घोट्यावरची टायमिंग चिप काढून घेतली. "सॉरी, अंकल," म्हणाली. माझे पाय ठीक होते, दम होता, पळण्याचे बूट पिशवीत तसेच कोरडे होते. मी कुठल्याही खेळात हरलो नव्हतो. मधल्या जागेत हरलो होतो.

पुढच्या वेळी पूर्ण केली, पण ती चिप काढल्याची जाणीव अजून घोट्याला आहे. म्हणून सुभेदार साहेबांना जे शिकवतोय ते इथे लिहून ठेवतो. पहिल्यांदा उतरणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पाण्यातून उभं राहणं. पोहताना शरीर आडवं असतं आणि पाण्याचा दाब रक्ताला हृदयाकडे परतायला मदत करतो. एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि डोकं गरगरतं. शेवटच्या शंभर मीटरला पाय थोडे जास्त मारा, हात जमिनीला लागेपर्यंत पोहत राहा आणि सावकाश उभे राहा. चालत निघालात तरी चालेल. गॉगल आणि टोपी वाटेतच काढा.

दुसरी, जागा. आदल्या दिवशी पाण्याच्या काठावर उभं राहा आणि तिथून आपल्या सायकलपर्यंत चालत जा. तिथून बाहेर पडायच्या दारापर्यंत. मग सायकलवरून परत यायच्या दारापासून रॅकपर्यंत आणि रॅकपासून पळायच्या दारापर्यंत. ओळी मोजा. खूण हलणारी नको. शेजाऱ्याची लाल सायकल तुमच्या आधी निघून गेलेली असेल. नारळाचं झाड, विजेचा खांब चालेल.

तिसरी, क्रम. टॉवेलवर किंवा पिशवीत वस्तू वापरण्याच्या क्रमाने ठेवा. आयर्नमॅनच्या शर्यतींत साधारणपणे निळी पिशवी सायकलची आणि लाल पळण्याची असते. सायकलसाठी: पाय पुसा, मोजे, बूट, नंबरचा पट्टा, चष्मा, हेल्मेट. खाणं आधीच सायकलवर बांधलेलं असू दे. गोव्यासारख्या गरम पाण्यात वेटसूट नसतो, एक कटकट कमी.

चौथी, हेल्मेट. रॅकवरून सायकल काढण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा बंद. परत आल्यावर सायकल रॅकवर लागेपर्यंत पट्टा उघडायचा नाही. शस्त्राच्या सेफ्टी ड्रिलसारखं हे घोकून टाका. रेघेच्या पुढे गेल्यावरच बसायचं, येताना रेघेच्या अलीकडेच उतरायचं.

पाचवी, टी-टूनंतरचे पाय. तीन तास गोल फिरलेल्या पायांना एकदम पळायला सांगितलं की ते आपले वाटत नाहीत. मांड्या ओंडक्यासारख्या होतात. याला इलाज एकच, सराव. सायकल संपली की लगेच पळायचं, याला ब्रिक म्हणतात. आठवड्यातून एकदा चाळीस किलोमीटर सायकल आणि त्यावर तीन किलोमीटर पळणं पुरे. शर्यतीत पहिला किलोमीटर मुद्दाम हळू ठेवा. पाय परत येतात.

आणि हे सगळं घाईसाठी नाही. समजा तुम्ही नव्वद किलोमीटर ताशी २६ च्या वेगाने काढता. सायकलवर पाच मिनिटं वाचवायची तर सगळा वेळ ताशी २६.६ ने जावं लागेल, त्यासाठी काही महिने घाम गाळावा लागेल. तीच पाच मिनिटं टॉवेल नीट लावून एका संध्याकाळी मिळतात. पण पहिल्या शर्यतीत मी म्हणेन की तीही वाचवू नका. टी-टूमध्ये एक मिनिट बसा. पाणी प्या. बुटातला खडा काढा. कॉलिन्स चिली खाऊन निघाला तरी पोचलाच.

हे सगळं मी सुभेदार साहेबांना कागदावर आकृती काढून सांगत होतो. ते ऐकत होते, पण मध्येच म्हणाले, "सर, एक विचारू? तुमचं ते गोव्यात झालं, तसंच आमच्या बऱ्याच मंडळींचं होतं बघा. नोकरी चांगली करत्यात. गावात शेती, घर, समदं असतं. पण पेन्शन आल्यावर पहिलं वर्ष कुठं जातं कळत नाही. माझा थोरला भाऊ त्यातच गेला."

त्यांचा भाऊही फौजेत होता हे मला माहीत होतं, बाकीचं नव्हतं. चोवीस वर्षं नोकरी, नंतर चौदा महिने घरी. दिवसभर कॉटवर. कोणाशी भांडण नाही, आजार नाही असं सगळे म्हणत होते. मग दारू आणि मग यकृत. सुभेदार साहेब अंत्यविधीला पोचले तेव्हा भावाची पेटी अजून बांधलेली होती. शेवटच्या युनिटमधून जशी आली तशी, दोरीसकट.

मी त्यावर काही बोललो नाही. मला बोलता येण्यासारखं नव्हतं. माझीही वीस वर्षं झालीत, आणि 'पुढे काय' हा प्रश्न आला की मीही विषय बदलतो. आपल्याला फील्डमधून पीसला आणि पीसमधून फील्डला जायची सवय असते, पण तिथे मूव्हमेंट ऑर्डर असते, पुढच्या युनिटची गाडी स्टेशनवर आलेली असते. शेवटच्या बदलीत गाडी येत नाही. ते अंतर आपण सुट्टी समजतो. घड्याळ मात्र चालू असतं.

काल संध्याकाळी सुभेदार साहेब आले आणि त्यांनी वहीचं एक पान पुढे केलं. डाव्या बाजूला मी सांगितलेला क्रम होता: मोजे, बूट, पट्टा, चष्मा, हेल्मेट. उजव्या बाजूला '३१ मार्च' असं लिहून खाली दुसरा क्रम. स्पर्श पोर्टलवर पेन्शनची नोंद. ईसीएचएस कार्ड. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव. विहिरीची मोटर. तालमीतल्या पोरांना सकाळी पाच वाजता पळवायचं, १ एप्रिलपासून. एक तारखेपासून, दोन नाही. सगळ्यांत खाली: पेटी त्याच दिवशी सोडायची.

मी पान वाचून परत दिलं. एकच दुरुस्ती सुचवली, ईसीएचएसचा अर्ज आधी करा, वेळ लागतो. त्यांनी पेन काढून बाण मारला.

माजी सैनिक वाचकांपैकी कुणी त्या पहिल्या वर्षातून नीट बाहेर आलं असेल, तर काय आधी लावून ठेवलं होतं ते जरूर कळवा. मी पान सुभेदार साहेबांना देईन आणि एक प्रत माझ्याकडे ठेवीन.

उद्या ब्रिक आहे. साडेपाचला जाम गेटच्या दिशेने सायकल, अहिल्याबाईंच्या त्या दरवाजापाशी वळसा आणि परत आल्यावर लगेच तीन किलोमीटर. कालच्या सरावात टी-वन सहा मिनिटं दहा सेकंद झालं. हेल्मेट सरळ होतं.